संन्यासी अध्यक्ष : स्वामी रामानंद तीर्थ

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यातील शाळांमध्ये ध्वजवंदन होते आणि भाषणांतून एक नाव हमखास घेतले जाते. नांदेडच्या विद्यापीठाला ते नाव आहे, गावोगावच्या चौकांना आहे, महाविद्यालयांना आहे. नाव असे सर्वत्र दिसू लागले म्हणजे माणूस दिसेनासा होतो, हा इतिहासाचा नेहमीचा अनुभव. भगवी वस्त्रे, डोक्यावर टोपी, नजरेत करारीपणा, एवढेच स्वामी रामानंद तीर्थांचे चित्र आमच्या विद्यार्थ्यांच्या मनात असते. हा संन्यासी एका राजकीय संघटनेचा निवडून आलेला अध्यक्ष होता, त्याआधी तो कामगार चळवळीचा कार्यकर्ता होता आणि त्या दोहोंच्या मधल्या काळात एका निवासी शाळेचा मुख्याध्यापक होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. निवासी शाळेच्या स्मरणिकेत त्यांच्या चरित्राला जागा द्यावी, याचे एक कारण हेही आहे.

त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे. मराठी आणि कानडी या दोन भाषांच्या सीमेवरचा तो मुलूख. घर ब्राह्मणाचे, परिस्थिती बेताची. शालेय शिक्षण सोलापुरात झाले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले, तेव्हा व्यंकटेश सतरा वर्षांचाही नव्हता. त्या दिवशी त्याने आजन्म अविवाहित राहून देशकार्य करण्याचा संकल्प केला. कोवळ्या वयात असे संकल्प पुष्कळ जण करतात. तो शेवटपर्यंत पाळणारे विरळा. असहकाराच्या लाटेत सरकारी शाळा सुटली आणि पुढचे शिक्षण राष्ट्रीय संस्थांत झाले. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून त्यांनी एम. ए. ची पदवी घेतली.

यानंतरचा टप्पा चरित्रलेखक बहुधा दोन ओळींत संपवतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. व्यंकटेश खेडगीकर हे ना. म. जोशी यांच्याकडे सचिव म्हणून काम करू लागले. जोशी म्हणजे १९२० साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक आणि मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांची बाजू मांडणारे सदस्य. मुंबईची गिरणी, चाळ, संप, तडजोडीच्या बैठका आणि दिल्लीतील विधिमंडळाचे कामकाज या तरुणाने जवळून पाहिले. पुढे हैदराबाद स्टेट काँग्रेसमध्ये कुळांचा आणि शेतमजुरांचा प्रश्न ते वारंवार पुढे आणत राहिले. त्याचे मूळ मठात शोधून सापडणार नाही, ते या उमेदवारीत आहे.

अतिश्रमाने प्रकृती ढासळली, चालणेफिरणेही कठीण झाले आणि १९२९ च्या सुमारास ते उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा या खेड्यात आले. तेथे १९२१ पासून एक राष्ट्रीय शाळा चालत होती. निजामाच्या राज्यात खेड्यात राष्ट्रीय शाळा चालविणे म्हणजे काय, हे आज समजावून सांगावे लागते. राज्याची लोकसंख्या १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे एक कोटी त्रेसष्ट लाख. बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी वा कानडी बोलणारे. परंतु दरबार, न्यायालय आणि वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने एका भारतीय भाषेला उच्च शिक्षणाचे माध्यम केले, ही गोष्ट गौरवाचीच होय. पण ती भाषा मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या मुलाची नव्हती. खासगी शाळा काढायची तर सरकारी परवानगी हवी. सभा भरवायची तर गश्ती निशाण ५३ नावाचे परिपत्रक आडवे येई. अशा काळात हिप्परग्याला गुरू आणि शिष्य एकत्र राहत, स्वतःची कामे स्वतः करीत, सूत कातीत आणि मराठीतून शिकत.

तेथेच मुख्याध्यापक खेडगीकरांनी स्वामी नारायण तीर्थांकडून संन्यासदीक्षा घेतली आणि ते रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेऊनही त्यांनी शाळा सोडली नाही. वेदान्ताचे अधिष्ठान आणि समाजाची चाकरी यांचा मेळ त्यांनी आपल्या परीने घातला. दीक्षेचा मार्ग आमचा नव्हे. जगाच्या मिथ्यात्वाचे तत्त्वज्ञान ज्या देशात जातीच्या भिंतींना हात लावू शकले नाही, त्या तत्त्वज्ञानाविषयी आमचे आक्षेप जुने आहेत. तथापि या माणसाने भगव्या वस्त्राचा उपयोग जगापासून पळण्यासाठी केला नाही, हे मान्य करण्यास कोणाचीही हरकत नसावी.

१९३५ मध्ये ते आणि त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला आले. तेथील योगेश्वरी नूतन विद्यालय त्यांनी नावारूपाला आणले. मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांची एक पिढी हिप्परगा आणि अंबाजोगाई या दोन शाळांतून घडली. राजकीय पक्ष नव्हते, वृत्तपत्रे मोजकी होती, सभांना बंदी होती. अशा वेळी शाळा हीच संघटना ठरली. शिक्षकाच्या पेशाची एवढी किंमत त्या काळी सरकारने ओळखली होती, म्हणूनच शाळांवर गुप्त पोलिसांची नजर असे.

१९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि पुढच्या वर्षी लातूरला दुसरे. स्वामीजी या कामात ओढले गेले आणि १९३८ मध्ये त्यांनी शाळेचा निरोप घेतला. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. संघटना अस्तित्वात येण्यापूर्वी बेकायदेशीर ठरविण्याचा हा प्रकार विलक्षण होता. ऑक्टोबरअखेर सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीचे नेतृत्व गोविंदराव नानलांनी केले आणि पाठोपाठ स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच हिवाळ्यात उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् गीतावरून संघर्ष पेटला, शेकडो विद्यार्थी विद्यापीठाबाहेर पडले आणि त्यांपैकी अनेकांनी नागपूरची वाट धरली. आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह एकाच वेळी सुरू होते. राजकीय लढ्याला धार्मिक रंग चढेल, या विचाराने गांधीजींच्या सल्ल्यावरून डिसेंबरच्या अखेरीस स्टेट काँग्रेसने सत्याग्रह थांबविला. स्वामीजींचा तुरुंगवास मात्र चालूच राहिला.

त्याच डिसेंबरच्या ३० तारखेला कन्नडजवळच्या मक्रणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांनी मराठवाड्यातील अस्पृश्यांची परिषद भरविली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित राहिले. एकाच राज्यात, एकाच महिन्यात दोन चळवळी चालू होत्या. एकीला निजामाकडून जबाबदार राज्यपद्धती हवी होती. दुसरीला गावाच्या वेशीबाहेर ठेवलेल्या माणसांसाठी माणूसपण हवे होते. त्या दोन वाटा एकमेकींना फारशा भेटल्या नाहीत. स्टेट काँग्रेसचे बहुतेक पुढारी वकील, शिक्षक आणि वतनदार घरांतून आलेले होते. अस्पृश्यतेविरुद्ध ते बोलत. परंतु गावचा वतनदार आणि गावचा महार यांच्यातील हिशेब मांडण्याची त्यांची तयारी नव्हती. स्वामीजी स्वतः त्या वर्तुळात सर्वांत डावीकडे झुकलेले होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

१९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह आणि १९४२ मध्ये छोडो भारत आंदोलन, अशा दोन्ही वेळी ते पुन्हा तुरुंगात गेले. स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली ती १९४६ च्या जुलैत, म्हणजे जवळजवळ आठ वर्षांनी. बंदी उठताच अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एका बाजूला बी. रामकृष्णराव हे संयमी, मवाळ वृत्तीचे, हैदराबादेत वजन असलेले विद्वान वकील. दुसऱ्या बाजूला स्वामी रामानंद तीर्थ. स्वामीजी अगदी थोड्या मताधिक्याने निवडून आले. या निसटत्या विजयाने पुढील दोन वर्षांची दिशा ठरली. निजामाशी वाटाघाटी करून टप्प्याटप्प्याने सुधारणा मिळवाव्यात, असे एका गटाचे मत होते. लोकांना उभे करून सत्ता मिळवावी, असे स्वामीजींचे आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या त्यांच्या सहकाऱ्यांचे. थोडी मते इकडची तिकडे झाली असती तर १९४७ मध्ये स्टेट काँग्रेस रस्त्यावर उतरली असती की दरबाराच्या पायऱ्यांवर थांबली असती, हे सांगणे कठीण आहे.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बिलोली तालुक्यातील अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. नांदेड जिल्ह्याने दिलेला हा पहिला हुतात्मा. तेलंगणात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा पेटला होता. मजलिस इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेची सूत्रे कासीम रझवीच्या हाती गेली. हा रझवी लातूरचा वकील. आपल्या भागातील लोकांना त्याचे नाव आजही अंगावर काटा आणते. पण तो आपल्याच बाजारपेठेत वकिली करणारा इसम होता, ही बाब सहसा सांगितली जात नाही.

जून १९४७ मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. १६ ते १८ जून या दिवसांत हैदराबादेतील मुशीराबाद येथे स्टेट काँग्रेसचे अधिवेशन स्वामीजींच्या अध्यक्षतेखाली भरले आणि भारतात विलीन होण्याची मागणी निःसंदिग्ध शब्दांत पुढे आली. नेमक्या याच दिवसांत दिल्लीहून डॉ. बाबासाहेबांनी निवेदन काढून संस्थानांना स्वतंत्र होण्याचा कायदेशीर अधिकार नाही, अशी भूमिका मांडली आणि त्रावणकोर व हैदराबाद यांच्या घोषणा फेटाळल्या. एकाने लोकांच्या बळावर आणि दुसऱ्याने कायद्याच्या आधारावर, दोघांनी निजामाच्या एकाच दाव्याला विरोध केला. मक्रणपूरच्या वेळी न भेटलेल्या वाटा येथे काही काळ समांतर आल्या.

७ ऑगस्ट हा दिवस राज्यभर भारतात सामील व्हा दिन म्हणून पाळला गेला. १५ ऑगस्टला स्वामीजींनी तिरंगा फडकविला आणि त्यांना अटक झाली. सारा देश स्वातंत्र्याचा पहिला दिवस साजरा करीत असताना हैदराबादच्या लोकांचा अध्यक्ष तुरुंगात होता. जाण्यापूर्वी त्यांनी लढ्याची जबाबदारी दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृतिसमितीवर सोपविली होती. २९ नोव्हेंबरला भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला, स्वामीजी सुटले आणि २६ जानेवारी १९४८ रोजी पुन्हा पकडले गेले. मधल्या आठ आठवड्यांत त्यांनी दिल्ली आणि सीमेवरील छावण्या यांच्याशी संधान बांधले.

या छावण्यांचा इतिहास नांदेडकरांना जवळचा आहे. विदर्भाच्या हद्दीत उमरखेडला मोठी छावणी होती. तेथून तरुण मुले पैनगंगा ओलांडून येत, करोडगिरीची नाकी उधळीत, पोलीस ठाण्यांवर चालून जात. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरी येथील बँकेवर छापा पडला आणि लाखो रुपये चळवळीच्या हाती आले. त्याच सायंकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. अहिंसेचे व्रत घेतलेल्या एका संन्याशाच्या संघटनेने शस्त्र हाती घेतले होते. स्वामीजींनी ही विसंगती लपवली नाही. रझाकारांच्या जाळपोळीपुढे खेड्यातील माणसाने स्वसंरक्षण करू नये, असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही, अशी त्यांची धारणा होती.

रझाकारांनी हिंदूंनाच मारले, असे मानणे इतिहासाला धरून नाही. निजामाच्या धोरणावर टीका करणारा इमरोज या उर्दू पत्राचा तरुण संपादक शोएबुल्लाखान याचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. दलितांविषयीचे चित्रही एकरंगी नाही. अस्पृश्यांचे हैदराबादेतील पुढारी बी. एस. व्यंकटराव लायकअली मंत्रिमंडळात मंत्री होते आणि श्यामसुंदर हे निजामाच्या शिष्टमंडळाबरोबर संयुक्त राष्ट्रसंघात गेले होते. डॉ. बाबासाहेबांनी मात्र नोव्हेंबर १९४७ मध्येच निवेदन काढून हैदराबादेतील अस्पृश्यांनी निजामाची बाजू घेऊ नये, धर्मांतराच्या दडपणाला बळी पडू नये, असे बजावले होते. ज्या राज्यात सवर्णांनी विहिरीवर पाणी भरू दिले नाही, तेथे काही दलितांना निजामाचे आश्वासन मोलाचे वाटले, हे समजून घेणे वेगळे आणि त्याचे समर्थन करणे वेगळे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. स्वामीजी तुरुंगातून बाहेर आले. येथे आपल्या पाठ्यपुस्तकांतील धडा संपतो. पण पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. तो अहवाल कित्येक वर्षे बंद राहिला. मुक्तीचा दिवस साजरा करताना या पानाचे वाचनही वर्गात व्हावे, असे मी इतिहासाचा शिक्षक म्हणून मानतो.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा पाठ शिकविताना मला अनेकदा स्वामीजी आठवतात. जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ मध्ये अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला आणि आठ वर्षांनी, आणखी एकदा निवडून येणे शक्य असूनही, सत्ता सोडून आपल्या शेतीवर परतला. सत्तेचा मोह न धरणाऱ्या पुढाऱ्याचा आदर्श म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पण १७९९ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या माउंट व्हर्नन या जहागिरीवर तीनशेहून अधिक गुलाम होते. आपल्या मालकीच्या गुलामांना पत्नीच्या पश्चात मुक्त करावे, असे त्याने मृत्युपत्रात लिहिले. उरलेल्या देशाची गुलामी संपण्यास १८६५ साल उजाडले. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केला, तो वॉशिंग्टनच्या पिढीला नव्हे. राज्यक्रांती झाली तरी तळच्या माणसाची बेडी तशीच राहू शकते, हे जोतीरावांनी ओळखले होते. हैदराबादच्या मुक्तीकडेही त्याच नजरेने पाहावे लागते.

मुक्तीनंतर सत्ता प्रथम लष्करी गव्हर्नर जनरल चौधरी यांच्याकडे आणि मग १९५० च्या जानेवारीपासून वेल्लोडी या सनदी अधिकाऱ्याकडे गेली. ज्याच्याविरुद्ध लढा झाला तो निजाम राजप्रमुख झाला आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिला. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, निजामाचे खासगी सर्फेखास राज्यात विलीन झाले आणि १९५० मध्ये कुळकायदा झाला. तो देशातील तत्कालीन कुळकायद्यांमध्ये पुरोगामी गणला गेला. स्वामीजींचा या बदलांसाठी आग्रह होता. परंतु कुळकायद्याने कुळाला संरक्षण मिळते. ज्याच्या नावावर कूळ म्हणूनही नोंद नाही, त्या भूमिहीन दलिताला नाही. त्याच्या वाट्याला गायरान उरले. १९५३ मध्ये मराठवाड्यातील दलितांना गायरानासाठी सत्याग्रह करावा लागला आणि पुढे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये भूमिहीनांचा देशव्यापी लढा झाला. मुक्तिसंग्रामाच्या नेत्यांचा हिशेब येथे अपुरा पडतो आणि स्वामीजींचाही.

१९५२ मध्ये निवडणुका झाल्या आणि मुख्यमंत्री झाले बी. रामकृष्णराव, म्हणजे १९४६ मध्ये स्वामीजींकडून पराभूत झालेले उमेदवार. गोविंदभाई श्रॉफ तोवर काँग्रेसबाहेर पडले होते. स्वामीजी लोकसभेत गेले, प्रथम गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून. मंत्रिपद त्यांनी कधी घेतले नाही. हैदराबाद राज्याचे विसर्जन करून त्याचे भाषावार तीन भाग करावेत, ही त्यांची मागणी होती. ज्या राज्याचा अध्यक्ष म्हणून आपण ओळखले गेलो ते राज्यच राहू नये, असे मागणारा पुढारी विरळाच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला.

संसदेपेक्षा त्यांचे मन शिक्षणात अधिक रमले. १९५० साली नांदेड एज्युकेशन सोसायटीच्या वतीने पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी त्याच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविली गेली. तोपर्यंत मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ औरंगाबादच्या सरकारी इंटरमिजिएट कॉलेजापुरतीच होती. गोदावरीच्या काठी एक आणि नागसेनवनात एक, अशी दोन दारे एकाच वर्षी उघडली. दोन्हींच्या नावात पीपल्स हा शब्द आहे. पीपल्स कॉलेजात पुढे नरहर कुरुंदकरांसारखा शिक्षक आणि प्राचार्य लाभला. मिलिंदने वेशीबाहेरच्या घरांतील पहिली पदवीधर पिढी आणि दलित साहित्य दिले.

१९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याला डॉ. बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये झाला, तेव्हा मराठवाड्याच्या अस्मितेची ढाल पुढे करून विरोध झाला. मुक्तिसंग्रामातील काही ज्येष्ठ मंडळीही त्या विरोधात होती. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीला पोचीराम कांबळे मारले गेले. १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडात आत्मदहन केले. स्वामीजी त्याआधीच वारले होते. ते असते तर कोणत्या बाजूला उभे राहिले असते, हा प्रश्न आमच्या पिढीने एकमेकांना पुष्कळदा विचारला आहे. मृत माणसाच्या तोंडी उत्तर घालणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले. आज लातूर आणि नांदेडच्या वस्त्यांतील मुलामुलींच्या पदवीपत्रावर स्वामीजींचे नाव असते.

अखेरची वर्षे स्वामीजींनी हैदराबादेत काढली. मुक्तिसंग्रामाच्या आठवणींचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना गुरुस्थानी मानणारे पी. व्ही. नरसिंह राव १९७१ मध्ये आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले, ते पाहण्यास ते हयात होते. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. बेगमपेठेत त्यांची समाधी आहे.